पाहुण्यांना ऊन सोसत नाही

बोकड ट्रकमधून उतरला, त्याने एकदा मान वर करून सूर्याकडे पाहिलं आणि पुढचे दोन्ही पाय दुमडून जनावरांच्या दवाखान्याच्या दारातच बसकण मारली. त्याच्याबरोबर आलेली जाडजूड फाइल डॉक्टरांनी तोवर अर्धीच वाचली होती. उरलेली अर्धी त्यांनी बोकडाच्या तोंडावर पाणी मारता मारता वाचली. तिच्यात शेवटून दुसऱ्या पानावर म्हटलं होतं, की सदर नर थंड प्रदेशातला असून त्यास उष्णता सोसत नाही, तरी त्यास शीतल जागेत ठेवावे. बाहेर रस्त्याचं डांबर वितळून चपलांना चिकटत होतं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. या बोकडाच्या येण्याला थोडेफार तेच कारणीभूत होते. गावातल्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांनी मिळून एक गट केला होता. बाजारात व्यापारी शेळी नुसती कमरेला धरून उचलायचे आणि मनाला येईल ते वजन सांगायचे, म्हणून गटाला एक वजनकाटा हवा होता. बायकांच्या वतीने अर्ज डॉक्टरांनीच लिहिला. तो वरच्या ऑफिसात गेला, तिथून राजधानीत गेला आणि तिथून समुद्रापलीकडच्या एका मोठ्या मदत संस्थेकडे गेला. गरिबी हटवण्यासाठी त्या संस्थेकडे पुष्कळ योजना होत्या, पण त्यात काट्याची योजना नव्हती. बोकडाची होती. म्हणून बोकड आला.

गटाची प्रमुख होती मावशी. ती नक्की कोणाची मावशी होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळा गाव तिला मावशीच म्हणायचा. तिने बोकडाला एक प्रदक्षिणा घातली. बोकड पांढराशुभ्र होता, उंचीला तिच्या कमरेच्या वर होता आणि त्याचे कान सशासारखे ताठ उभे होते.

"आम्ही काटा मागितला होता," मावशी म्हणाली. "हा वजन करतो का?"

"हा तुमच्या शेळ्यांची जात सुधारणार आहे."

"का? काय वाईट आहे आमच्या जातीत?"

खरं तर डॉक्टरांचाही तोच प्रश्न होता. माणसाने आपल्या पायावर उभं राहावं, या मताचे ते होते. बाहेरून आलेल्या मदतीने आजवर कोणाचं भलं झालंय, असं ते चारचौघांत तावातावाने बोलत. पण तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला.

"पोचला ना? नीट ऐका," साहेब म्हणाले. "बोकडाला काही झालं तर त्या संस्थेशी केलेला करार रद्द. करार रद्द झाला तर आपल्या खात्याला मिळणाऱ्या जीपगाड्या रद्द. आणि जीपगाड्या रद्द झाल्या तर तुमची बदली कुठे करायची, ते मी नकाशात बघून ठेवलंय."

"पण साहेब, इथे शीतल जागा म्हणजे..."

"तुमच्या घरी कुलर आहे ना?"

डॉक्टरांच्या घरी कुलर होता. तो त्यांच्या बायकोने दोन वर्षं शिकवण्या घेऊन स्वतःच्या कमाईतून घेतला होता, आणि तो बेडरूममध्ये होता. आता हे तिला सांगायचं कसं, याचा विचार करत डॉक्टर बोकडाला ओढत घरी निघाले. बोकड काही केल्या चालेना, म्हणून अर्ध्या वाटेवर त्यांनी हातगाडी केली.

बायको दारातच उभी होती. तिने हातगाडीवरच्या बोकडाकडे पाहिलं, मग घामाने निथळणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे काय?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"प्रश्न कितीही दिवसांचा असू दे. ठेवणार कुठे?"

डॉक्टरांनी नुसती बेडरूमकडे नजर टाकली. त्यानंतर बायको जे बोलली ते शेजारच्या तिन्ही घरांत स्वच्छ ऐकू गेलं.

डॉक्टरांच्या बाजूने घरात एकच माणूस उभं राहिलं, आणि ती म्हणजे त्यांची आई. परदेशातून येणारी कुठलीही वस्तू चांगलीच असते, यावर तिचा ठाम विश्वास होता. तिने चष्मा लावून बोकडाला न्याहाळलं आणि मुलाला दटावलं, "अरे, 'तो आला, तो बसला' काय करतोस? एवढ्या लांबून विमानाने आलेत. पाहुणे म्हणावं." आणि बोकडाकडे वळून ती म्हणाली, "या हो, आत या. दमला असाल."

पाहुणे आत गेले. त्यांनी कुलरसमोर उभं राहून गार वारा अंगावर घेतला, डोळे मिटले, आणि मग कुलरच्या जाळीतलं ओलं गवत ओढून ओढून खायला सुरुवात केली. डॉक्टर पाण्याची बादली घेऊन येईपर्यंत कुलरच्या तिन्ही बाजू मोकळ्या झाल्या होत्या आणि आतला पंखा उघड्यावर गरगरत होता.

"छान," बायको म्हणाली. "माझा कुलर तेवढा खाऊन झाला. आता माझी परवानगी विचारा, तेवढंच राहिलंय."

डॉक्टरांनी घाबरत घाबरत साहेबांना लिहून कळवलं, की गारव्याशिवाय हा बोकड जगायचा नाही. आणि इथे त्यांना आयुष्यातला एक मोठा धक्का बसला. दवाखान्यातला लशींचा फ्रीज बंद पडून दोन वर्षं झाली होती. त्यासाठी त्यांनी इतके अर्ज केले होते, की वरच्या ऑफिसातले कारकून त्यांना 'फ्रीजवाले' म्हणूनच ओळखत. बोकडासाठी मात्र दुसऱ्याच दिवशी नवाकोरा एसी आला. बसवायला माणूसही आला. वीज गेली तर पाहुण्यांचे हाल नकोत म्हणून मागोमाग जनरेटर आला.

"आणि माझा फ्रीज?" डॉक्टर फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"फ्रीज आपल्या बजेटमधून असतो हो," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "एसी मदतीतून आहे. तुम्ही दोन्ही एकत्र करू नका."

एसी बसला आणि घराची दशा आणखीच वाईट झाली. भर उन्हाळ्यात गावातली सगळ्यात गार खोली डॉक्टरांच्या घरी आहे, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्यांदा शाळेचे मुख्याध्यापक आले. "म्हटलं, बोकडाची प्रकृती पाहून यावी," असं म्हणून ते बेडरूममध्ये गेले आणि दुपार कलल्यावर डोळे चोळत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बँकेचे मॅनेजर होते. मग फौजदार यायला लागले, ते सुरक्षेच्या दृष्टीने. रोज जेवणं झाली की हे तिघे बोकडाची प्रकृती पाहायला हजर. एक पलंगावर, एक खुर्चीत, एक सतरंजीवर, आणि मध्ये बोकड.

"चहा टाकू का पाहुण्यांच्या पाहुण्यांना?" बायको विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता भांडं असं आपटायची की मुख्याध्यापक झोपेत दचकायचे. तिच्या शिकवणीची मुलं ओट्यावर उन्हात बसून गणितं सोडवत होती, कारण जनरेटरच्या आवाजात पुढच्या खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टर, बायको आणि आई गच्चीवर झोपत होते. आईची काही तक्रार नव्हती. ती सकाळी उठून पहिल्यांदा पाहुण्यांना चहात बुडवलेली बिस्किटं नेऊन द्यायची. फाइलमध्ये लिहिलेलं खास परदेशी खाद्य बंदरात कुठेतरी अडकून पडलं होतं आणि इथला पाला पाहुणे तोंडात धरून थुंकून टाकत होते. बिस्किटं मात्र त्यांना मनापासून आवडली.

हे सगळं डॉक्टरांनी सहन केलं असतं, जर बोकडाने ज्या कामासाठी तो आला होता ते केलं असतं. पहाटेच्या गारव्यात ते त्याला मावशीच्या वाड्यावर न्यायचे. वीस-पंचवीस काळ्या, तांबूस, लांब लोंबत्या कानांच्या शेळ्या कुतूहलाने पुढे यायच्या. त्या जवळ आल्या रे आल्या की बोकड डॉक्टरांच्या पाठीमागे लपायचा. एकदा तर त्याने भीतीने डॉक्टरांच्या शर्टाची बाही तोंडात धरली, ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

"लाजतोय," डॉक्टर म्हणाले.

"लाजू दे," मावशी म्हणाली. "पण शेळ्यांना वय असतं, डॉक्टर. दिवस चाललेत. या वेळी शेळ्या गाभण गेल्या नाहीत तर पुढच्या वर्षी आम्ही विकायचं काय? आणि खायचं काय? गटातल्या निम्म्या बायकांचं घर याच्यावर चालतंय. आमचा काळू सोडू का?"

काळू म्हणजे मावशीचा स्वतःचा बोकड. काळाकुळकुळीत, कान गुडघ्याला लागतील असे लांब, आणि स्वभावाने अजिबात लाजरा नाही. पण करारात स्पष्ट कलम होतं, की गावठी नर शेळ्यांच्या आसपास ठेवू नये.

"नाही सोडता येणार, मावशी. काळूला गावाबाहेर पाठवा. माझी नोकरी जाईल."

"बरं," ती म्हणाली. "बहिणीकडे पाठवते." जाता जाता तिने सांगितलं, "आणि काटा आम्ही आणला बरं का. वर्गणी काढून. तुमच्या अर्जाची वाट बघितली असती तर म्हातारपण आलं असतं."

आपणच रोज जे सांगत होतो ते या बायकांनी करून दाखवलं, याचा डॉक्टरांना आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी बोकडाने त्यांचं ओळखपत्र खाल्लं होतं, आणि आनंद होण्याइतकी जागा मनात शिल्लक नव्हती.

एक दिवस चमत्कार घडला. मावशी शेळ्या तपासायला घेऊन आली आणि डॉक्टर एकेक शेळी तपासत गेले तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. एकूण एक शेळी गाभण होती. त्यांना आठवलं, मागे एकदा वैतागून ते बोकडाला वाड्यात एकटा सोडून चहाला गेले होते. त्या वेळी! नक्कीच त्या वेळी! कोणी बघत नसताना पठ्ठ्याने काम फत्ते केलं. डॉक्टर धावतच घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बोकडाच्या पाठीवर प्रेमाने हात फिरवला, आणि ताबडतोब साहेबांना फोन लावला.

साहेबांनी राजधानीत कळवलं. राजधानीने परदेशात कळवलं. परदेशातून उत्तर आलं, की संस्थेच्या बाई पिल्लं बघायला स्वतः येत आहेत आणि बरोबर फोटोग्राफर आणत आहेत.

मग पिल्लं जन्माला आली. पहिलं काळं होतं. दुसरं काळं होतं. तिसरं तांबूस होतं. सगळ्यांचे कान लोंबत होते, इतके लांब की दूध पिताना ते मध्ये मध्ये यायचे.

डॉक्टरांनी एका पिल्लाचा कान उचलून धरला. "मावशी, खरं सांगा. तुमच्या बहिणीचं घर कुठे आहे?"

मावशीने वाड्याच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "ही भिंत ओलांडली की झालं."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणालात, तुमची नोकरी जाईल. म्हणून नाही सांगितलं. तुमच्यासाठीच केलं म्हणा ना."

साहेब बाईंच्या येण्याच्या आदल्या दिवशीच येऊन थडकले. पिल्लं बघून त्यांना दरदरून घाम फुटला. मग ते एकदम शांत झाले आणि म्हणाले, "गावात टाल्कम पावडर मिळते का?"

"साहेब!"

"मिळते का एवढं सांगा."

"आणि कान? कानांचं काय करणार?"

"कान कोण बघतंय हो!"

डॉक्टरांनी हात टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्या दुकानांतली पावडर संपली होती आणि वाड्यात पांढरीफटक पिल्लं ओळीने शिंकत उभी होती. संस्थेच्या बाई आल्या. उंच, उन्हाने लालबुंद झालेल्या, पण हसतमुख. बरोबर फोटोग्राफर होता आणि नुकतीच नोकरीला लागलेली एक दुभाषी मुलगी होती. बाईंनी पहिल्यांदा पाहिलं ते कानांकडे. मग त्यांनी एका पिल्लाला कुशीत घेतलं, त्याने अंग झाडलं, आणि वाड्यात पांढरा ढग उठला. ढग विरला तेव्हा बाईंच्या हातात काळं पिल्लू होतं आणि बाई पांढऱ्या झाल्या होत्या.

साहेब आभाळाकडे बघत होते. आणि इतके दिवस मूग गिळून बसलेल्या डॉक्टरांचा बांध फुटला.

"सांगा त्यांना!" ते दुभाषी मुलीला म्हणाले. "सांगा, की तुमचा बोकड आला तेव्हापासून त्याने माझा कुलर खाल्ला, ओळखपत्र खाल्लं, आणि बिस्किटांशिवाय दुसरं काही खाल्लं नाही. माझ्या बेडरूममध्ये तो झोपतो आणि मी गच्चीवर! शेळी दिसली की तो माझ्यामागे लपतो. ही पिल्लं त्याची नाहीत. ही या बायकांच्या बोकडाची आहेत. यांनी काटासुद्धा स्वतः आणला. यांना तुमच्याकडून काडीची मदत झालेली नाही!"

दुभाषी मुलगी प्रामाणिक होती. साहेब तिला खाणाखुणा करून थांबवत असतानाही तिने प्रत्येक शब्द भाषांतरित केला, कुलरसकट. बाई ऐकत होत्या. त्यांचे डोळे मोठे होत गेले. शेवटी त्यांनी हळूच एक प्रश्न विचारला.

"बाई विचारतायत," मुलगी म्हणाली, "की या बायकांनी हे सगळं खरंच स्वतःच्या बळावर केलं का? कोणाचीही मदत न घेता?"

"हो! हो! हो!" डॉक्टर ओरडले. बदली तर होणारच होती. निदान खरं बोलून जावं.

बाईंनी पुढे होऊन डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पावडरमुळेही असेल. मग त्या भराभरा बोलायला लागल्या आणि दुभाषी मुलगी मागोमाग सांगू लागली. या वर्षापासून संस्थेचं धोरणच बदललं होतं. मदत बंद, स्वावलंबन सुरू. गरिबांनी आपल्या पायावर उभं राहिल्याचं एखादं उदाहरण शोधत बाई तीन देश हिंडल्या होत्या, पण संस्थेचा हात न लागलेलं एकही गाव त्यांना मिळालं नव्हतं. ते आज मिळालं.

"आणि बाई म्हणतायत," मुलगी जरा अडखळली, "की हे स्वावलंबन इथे कशामुळे आलं, याचा त्यांनी विचार केला. इथे संस्थेकडून काय दिलं गेलं होतं? एक बोकड. त्याने काहीच केलं नाही. म्हणूनच बायकांना सगळं स्वतः करावं लागलं."

"बरोबर!" साहेब आभाळातून खाली उतरले. "अगदी बरोबर! आम्ही सुरुवातीपासून हेच म्हणत होतो."

पुढच्या महिन्यात साहेबांच्या जीपगाड्या आल्या. आणि त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"अभिनंदन, डॉक्टर. तुमच्या गावाचा नमुना संस्थेला फार आवडलाय. आता आसपासच्या बारा गावांत तो राबवायचाय. प्रत्येक गावाला एक बोकड."

"कसला बोकड?"

"तसलाच. काही न करणारा. बाईंनी मुद्दाम निवडून पाठवलेत. उन्हाळ्याच्या आत पोचतील."

डॉक्टरांनी फोन ठेवला. बायको समोरच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती चपला शोधायला लागली, आणि डॉक्टरांना तेच जास्त भीतिदायक वाटलं. ते तडक मावशीकडे गेले. आता एकच उपाय होता. आसपासच्या गावांतल्या सगळ्या बायका मावशीला मानत होत्या. तिने सगळ्यांना गोळा करून ठणकावून सांगायला हवं होतं, की आम्हाला बोकड नको, आम्ही आमचं बघून घेऊ.

मावशीच्या अंगणात बायकांची ही गर्दी होती. आजूबाजूच्या गावांतून सगळ्या आल्या होत्या. डॉक्टरांना भरून आलं. ते एका ओट्यावर चढले आणि बोलायला लागले. इतकं चांगलं ते आजवर कधीच बोलले नव्हते. ते म्हणाले, दुसऱ्याच्या दारात हात पसरू नका. ते म्हणाले, तुमचा काटा तुम्ही आणलात, तुमच्या शेळ्या तुम्ही वाढवल्यात, मग हे परदेशी ओझं कशाला? ते म्हणाले, एकमुखाने नाही म्हणा! बायका शांतपणे ऐकत होत्या. भाषण संपलं तेव्हा त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

"फार छान बोललात," मावशी म्हणाली. "आता खाली या, यादीत गावांची नावं घालायची आहेत. कोणाच्या गावाला बोकड आधी, यावरून सकाळपासून भांडणं चाललीयत."

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "नावं? बोकडासाठी? मावशी, तो काही करत नाही!"

"माहीत आहे की. मी बघितलाय ना." मावशीने पदराने तोंड पुसलं. "पण त्याच्याबरोबर एसी येतो. आणि जनरेटर. तुम्हीच लिहून दिलंत ना वर, त्याशिवाय तो जगत नाही म्हणून?"

डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं.

"मग? इकडच्या गावाला बाळंतिणीची खोली आहे, उन्हाळ्यात भट्टी होते नुसती. तिकडच्या गावाला शाळेत पोरं घेरी येऊन पडतात. बोकड राहील बिचारा एका कोपऱ्यात. बिस्किटं काय, आम्ही घालू."

"आणि स्वावलंबन?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"ते आहेच हो," मावशी त्यांची समजूत घालत म्हणाली. "ते आम्ही आमचं आम्ही करू. त्याला कोणाची मदत नको. गारवा तेवढा बाहेरून आला तर कुठे बिघडलं?"

डॉक्टर काही बोलणार होते, पण मागून कोणीतरी त्यांना बाजूला सरकवलं. त्यांची बायको गर्दीतून वाट काढत पुढे आली होती. ती मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"आमच्या गल्लीचं नाव घाला, शिकवणीच्या मुलांना गारवा हवाय," ती म्हणाली. "आमचा बोकड जुना झालाय."